सहा बोटं

उडणारा ससाणा ओळखायचा तो बोटांवरून. पंख पसरला की टोकाची पिसं बोटांसारखी सुटी दिसतात, ती मोजायची. पाच भरली तर नेहमीचा शिक्रा. सहा भरली तर पाहुणा, या शहरात आजवर एकदाही न नोंदलेला. बाबांनी लेकीला हे पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

या पाहुण्यापायी बाबांनी संसाराचे बारा वाजवले होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तो पाहिला, नोंद पक्षिमंडळाला पाठवली आणि मंडळानं 'बोटं मोजता येत नाहीत' असा शेरा मारून ती परत केली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी गच्ची. घरात कार्य असो की कुणी तापानं फणफणलेलं, हे आपले वर. आई म्हणायची, मला पंख फुटल्याशिवाय काही मी यांना दिसायची नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आई वाळत घातलेल्या चादरी काढता काढता कठड्यावरून खाली पडली. पाच मजले. बाबा पंधरा पावलांवर होते. पोलिसांना, शेजाऱ्यांना, मामाला त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "माझा डोळा कॅमेऱ्याला होता, मला काही ऐकू आलं नाही." लेकीनं ते वाक्य गिळलं. दुसरं काय करणार? आई गेली होती, उरलेला बाप तिला गमवायचा नव्हता.

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. सावल्या वाचणं हाच तिचा धंदा होता. रविवारी बाबा चहाला खाली यायचे, कॅमेऱ्याचं भरलेलं कार्ड तिच्या हातात ठेवायचे आणि दुसरं घालून परत वर जायचे. घर पाचव्या मजल्यावर, गच्चीला एकच जिना. लेक कार्ड कॉम्प्युटरला लावून फोटो निवडायची आणि बोटं मोजायची.

पहिल्यांदा एकच फोटो वेगळा निघाला. आधीच्या आणि नंतरच्या फोटोत शिक्र्याचं पोट होतं, मधल्या एकात ससाण्याची पाठ. क्रमांक ओळीनं लागलेले, मध्ये कुठे खाडा नाही. तिनं बाबांना विचारलं तर ते हसले. उडत्या ससाण्याची पाठ बघायची तर त्याच्याही वर जावं लागतं, म्हणाले, आणि माझे गुडघे जिन्यालाच कुरकुरतात. आसपास टेकडी नव्हती की उंच इमारत नव्हती. कॅमेरा बिघडला असेल म्हणून तिनं विषय सोडून दिला.

पुढच्या रविवारी ससाण्याच्या पाठीखाली त्यांचीच गच्ची दिसली. निळी टाकी, टाकीला बांधलेली दोरी, दोरीवर चादरी. ती दोरी आईच्या तेराव्या दिवसाच्या आत बाबांनी स्वतः कापून टाकली होती. लेकीनं फोटोची तारीख पाहिली. आजचीच होती.

तिसऱ्या रविवारी तीन फोटो निघाले. पंख पूर्ण पसरलेले, एकेक पीस मोजून घ्यावं असे. तिनं बाबांना हाक मारून बोलावलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक स्क्रीनला टेकवलं आणि ओठ हलवत मोजलं.

"सहा," ते म्हणाले. "मंडळाला पाठव. आजच पाठव."

"खाली बघा, बाबा. कठड्यावर."

कठड्याच्या बाहेरून आत वळलेली बोटं होती. पहिल्या फोटोत आठ, त्यात दारात चेमटून वाकडी झालेली आईची करंगळी. त्याच फोटोत बाबांनी कॅमेरा छातीशी खाली घेतलेला होता आणि त्यांचं तोंड सरळ त्या बोटांकडे होतं. दुसऱ्या फोटोत कॅमेरा पुन्हा डोळ्याला, आकाशाकडे. कठड्यावर चार बोटं. तिसऱ्यात कॅमेरा तसाच. कठडा मोकळा.

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "तेवढ्यात तो वळून गेला असता."

"आईनं हाक मारली होती?"

"एकदा."

लेकीच्या आत जे काही होतं ते त्या एका शब्दानं संपलं. ती भांडली नाही. फोटो मात्र तिनं पाठवले नाहीत आणि बाबांनी आठवडाभर रोज त्याचीच आठवण करून दिली.

चौथ्या रविवारी ते चहाला आले, कार्ड ठेवलं, वर गेले. लेकीनं फोटो उघडले. सगळे शिक्रे, पोटाकडून. शेवटचे दोन वेगळे.

त्यांत ससाणा नव्हता. फोटो कठड्याच्या बाहेरून काढलेले होते, जिथे पाय ठेवायला काही नाही.

पहिल्यात आजच्याच राखाडी स्वेटरमधले बाबा, कॅमेरा डोळ्याला लावलेला. खालच्या कडेला, अगदी जवळ, कठड्यावर आठ बोटं.

दुसऱ्यात बाबांचं तोंड लेन्सकडे वळलेलं. कठड्यावर चार बोटं. उरलेली चार स्वेटरच्या बाहीवर. करंगळी वाकडी.

तिनं वेळ पाहिली. नऊ वाजून वीस मिनिटं. आधीच्या फोटोंची वेळ बरोबर होती, म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ सतरा झाले होते.

जिना वीस पायऱ्यांचा. तीन मिनिटं म्हणजे चिक्कार. ती उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. मग परत येऊन खुर्चीत बसली.

वरून हाक आली. तिच्याच नावाची, एकदा.

लेकीचा डोळा स्क्रीनला होता. ती बोटं मोजत होती.