बिनसाखरेचा डबा

चंदूने प्रोटीन पावडरचा डबा चक्क माझ्या हातातून काढून घेतला.

"यात साखर आहे. बिनसाखरेचा देतो, थांब," डॉक्टरांची नाव नसलेली चिठ्ठी वाचत तो म्हणाला. "डायबिटीस कुणाला आहे?"

मुलुंड स्टेशनजवळचं ते औषधांचं दुकान त्याच्या मामाचं. त्याने मान वर केली... आणि माझी जीभच अडखळली.

"आ— आईला."

साफ खोटं. इन्सुलिनची सुई रोज मी टोचून घ्यायचे. पण माझा आजार कळताच एक स्थळ चहा अर्धा टाकून उठून गेलं होतं, तेव्हापासून मी धसकाच घेतला होता.

मग व्हिटॅमिनच्या गोळ्यांना गेले की ठरलेलंच.

"आई कशी आहे गं?"

"बरी आहे."

"आणि तू?"

"मला... मला काय झालंय?"

तो हसायचा. किती आवडायचा तो मला! पण खरं कळलं तर?

एका संध्याकाळी मी मासळी बाजारात आईजवळ बसले होते. आई पापलेटं मांडून चहा पीत होती, तिच्या आवडीचा, पाकासारखा गोड. "उद्या अजून साखर घाल रे!" ती चहावाल्याला ओरडली, तेवढ्यात समोरून चंदू आला. मला पाहून हसला, शेजारी माझ्याच चेहऱ्याच्या आईला पाहिलं आणि धावतच येऊन त्याने तिच्या हातातला ग्लास ओढला.

"आई, साखर घातलीय यात! तुम्हाला डायबिटीस आहे ना?"

"मेल्या, चाय ठेव माजी! मला काय धाड भरलीय? आजार हिला हाय, वनमालाला!"

वाट लागली.

"जा तू," मी कशीबशी म्हणाले. "आजार कळल्यावर एक स्थळही असंच उठून गेलं."

चंदूने आईला ग्लास परत दिला. आणि समोरच्या उपड्या टोपलीवर बसला.

"पावडर पितेस रोज?"

"मोरीत ओतते... घाण लागते."

"ताकात घाल. जिरं, मीठ टाकून. मी सगळ्या तऱ्हेने पिऊन बघितलीय."

"तू? का रे?"

"म्हटलं, सासूला आधीच खूश करावं..." त्याचे कान लाल झाले. "आता बायकोच्या कामी येईल. चालेल ना?"

मला रडू आलं आणि हसूही. आईने मात्र चहावाल्याला हाक मारली, "दोन चाय आन, बिनसाखरेच्या!"

पहिल्याच घोटाला चंदूचं तोंड वाकडं झालं. मी श्वास रोखून पाहत राहिले.

त्याने ग्लास पूर्ण रिकामा केला.