गोलकीपरची दोन कार्डं

मास्तरांच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलंच नव्हतं.

प्रश्न साधा होता. लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात मिळालेलं एका गोलकीपरचं कार्ड मास्तरांनी आयुष्यभर जपलं होतं. त्याच कार्डाची दुसरी प्रत जावयाने गेल्या वर्षी त्यांच्याच पेन्शनमधून घेऊन दिली. तिला म्हणे वीस वर्षांपूर्वी एका कंपनीने दहापैकी नऊ गुण देऊन प्लॅस्टिकच्या केसमध्ये सील केलं होतं. पुंजी गुंतवायची तर सुट्या कार्डात की अशा ग्रेड केलेल्या? तू जन्मभर जुन्या कागदांत वावरलास, तूच सांग.

ग्रंथपालांनी अनेकदा कागद पुढे ओढला. आपल्याला काय कळतं, म्हणून पुन्हा सारला.

आज सकाळी मास्तरांचा फोन आला. सुटं कार्ड चोरीला गेलं होतं.

ग्रंथपाल पोचले तेव्हा दाराशी एक बॅग भरून ठेवलेली दिसली. शेजारी मास्तरांची विधवा सून उभी होती. मुलगा गेल्यापासून तीच त्यांचं सगळं बघायची. चोर तीच, म्हणून दुपारच्या बसने तिला माहेरी पाठवायचं, असं जावयाने ठरवून टाकलं होतं. तो सोफ्यावर ऐसपैस बसला होता. मोबाइल हातातच, त्याचं पाकिटासारखं कव्हर नीट मिटत नव्हतं.

"कार्ड कुठे होतं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"शब्दकोशात," मास्तर म्हणाले. "आम्हा तिघांनाच माहीत."

"आणि केसमधलं?"

मास्तरांनी कपाटाकडे बोट केलं. केस समोरच, उघड्यावर होती.

ग्रंथपाल सुनेकडे वळले. "दोन्हींत महाग कुठलं, ठाऊक होतं तुला?"

"केसमधलं. रोज पुसते ना, काका. भाऊजी रोज बजावायचे, जपून, त्यात एक घर येईल."

"चोरताना वहिनींची अक्कल गहाण पडली असेल," जावई हसून म्हणाला.

इतकी वर्षं शब्दकोशात सुखरूप असलेलं कार्ड आजच का गेलं, हे ग्रंथपालांना कळेना. त्यांनी मास्तरांना विचारलं, उद्या कुठे जायचं होतं का. मास्तर जरा ओशाळले. उद्या कार्डांचं प्रदर्शन होतं. "तुझं उत्तर येईना. म्हटलं, तिथल्या जाणकाराला दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत."

ग्रंथपालांचे कान लाल झाले. बराच वेळ ते केस उजेडात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "ही फोडू या का?"

जावई ताडकन उठला. "सील तुटलं की मातीमोल होईल ते."

"वस्तू मास्तरांची आहे."

मास्तरांनी मान हलवली. सुनेने स्क्रूड्रायव्हर आणून दिला. केस नुसत्या टोकानेच उकलली. ग्रंथपालांनी ती नाकाशी नेली. ताज्या शाईचा आणि गोंदाचा वास.

"वीस वर्षं बंद असलेल्या केसमधून असा वास येत नाही," ते म्हणाले. "हे फार तर गेल्या वर्षी छापलंय. ज्याला हे माहीत नाही, असा चोर समोरची केस उचलेल. ती सोडून शब्दकोश उघडेल कोण? केसमधलं कार्ड बनावट आहे, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तोच. उद्या खऱ्याशेजारी ठेवलं असतं तर हे उघडं पडलं असतं. म्हणून खरं हलवलं. ते विकताही येणार होतं. आणि आळ हिच्यावर." त्यांनी हात पुढे केला. "जावईबापू, मोबाइल द्या."

जावई हलला नाही. सुनेनेच तो त्याच्या हातातून काढून घेतला. कव्हरच्या कप्प्यात कार्ड होतं, घामाने ओलसर, एक कोपरा दुमडलेला. तिने ते पदराने टिपलं आणि मास्तरांपुढे ठेवलं.

"सगळेच करतात हे," जावई पुटपुटला. "बंद केसमध्ये कोण बघायला जातं?" मग निघून गेला.

मास्तर कार्डाकडे बघत राहिले. सुनेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तिनेच मुकाट्याने बॅग आत नेली. ग्रंथपालांना बोलायचं होतं. तोंडावर जमलं नाही.

घरी येऊन त्यांनी कागद पुढे ओढला.

'मास्तर, सुटं घ्यावं की ग्रेड केलेलं, मला अजूनही कळत नाही. तुझं सुटं ठेव. आणि ज्या पोरीने ते पुसून तुझ्यासमोर ठेवलं, तिची आजच माफी माग.'

पुन्हा वाचलं तर फाडून टाकू, हे त्यांना ठाऊक होतं. न वाचताच पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.