घड्याळजींच्या दोन नोटिसा

"सह्या बघून नोटिसा काढल्यात तुम्ही. तोंड उघडलं म्हणून कर खातं मागे लावलंत. लाज कशी वाटत नाही?"

निवृत्त नर्सबाईंनी हे कर कार्यालयाच्या खिडकीत तोंड घालून विचारलं. खिडकी बंद झाली. मग त्या वहिनींकडे आल्या.

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. सोबतीला धाकटे दीर. पायांनी चपळ, डोक्याने सावकाश.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद व्हायचा होता. नर्सबाईंनी विरोधात अर्ज केला. बारा जणांच्या सह्या. महिन्याभरात बाराही जणांच्या दारात तपासणीची नोटीस.

"सत्ताधाऱ्यांनी डूख धरलाय. उद्या सुनावणी आहे. सात जण घाबरून सह्या मागे घेतायत. निम्मे तरी उरायला हवेत, नाहीतर अर्ज रद्द. मग कळा सुरू झालेल्या बाईने दोन तास जीपमध्ये आदळत जायचं."

"अर्ज कोणी कोणी पाहिला?"

"पेपरवाल्याने सह्यांच्या कागदाचा फोटो छापला. नंतर आमचे घड्याळजी आले, विसरभोळे. दुसऱ्या कोऱ्या कागदावर पुन्हा सही ठोकून गेले. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? दोन्ही कागद पाकिटात घातले, तिथेच चिकटवलं आणि सुनावणी घेणाऱ्या मोठ्या साहेबांच्या हातात दिलं."

कर अधिकारी शांत होता. "नावं संगणक काढतो. करदात्यांच्या नंबरांची सोडत."

"एकच नंबर दोनदा निघतो?"

"छे. निघालेला नंबर बाद होतो." मग त्याने पेन खाली ठेवलं. "निनावी तक्रारीही येतात म्हणा. तुमचा कागद पेपरात आलाच होता."

सत्ताधारी पक्षाच्या गल्लीतल्या कार्यालयात पेपरातल्या त्या फोटोचं कात्रण भिंतीवरच होतं. दिरांनी वहिनींना कोपराने ढोसलं.

पुढारी हसला. "मीच लावलंय. रोज बघतो आणि शिव्या घालतो. पण तक्रार? वहिनी, मी माझाच कर कधी वेळेवर भरला नाही. त्या खात्याच्या दारात मी कशाला जातोय?"

वहिनींनी कात्रणावर बोट फिरवलं. बारा नावं, प्रत्येक एकदाच.

शेवटी घड्याळजी. डोळ्याला भिंग, समोर उघडं घड्याळ.

"सही मागे घेतो, पोरी. एक नोटीस आली, तीच झेपेना. चार दिवसांनी दुसरी. मला वाटलं, पहिली हरवली मी. पण दोन्ही खणात सापडल्या."

"आजोबा, उद्या दोन्ही घेऊन या."

बाहेर पडल्यावर दीर म्हणाले, "पुढारीच तो. कात्रण भिंतीवर, आणखी काय हवं?"

"भावजी, चोर चोरीचा माल भिंतीला टांगतो का?"

सुनावणीला मोठे साहेब खुर्चीत, शेजारी कर अधिकारी.

"सह्या मागे घेणाऱ्यांनी पुढे यावं."

सात जण उठले. वहिनी त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या आणि दोन नोटिसा टेबलावर ठेवल्या.

"माणूस एक, नोटिसा दोन. सोडतीत नंबर दोनदा निघत नाही, हे तुमचे अधिकारीच म्हणाले. म्हणजे सोडत झालीच नाही. कुणीतरी सह्या बघत नोटिसा लिहिल्या, माणसं मोजली नाहीत."

"पेपरातलं पाहून कुणी तक्रार केली असेल," साहेब म्हणाले.

"पेपरात घड्याळजींची सही एकदाच आहे. पुढाऱ्याच्या भिंतीवरही एकदाच. दुसरी सही ज्या कागदावर होती, तो फोटोनंतरचा. तो नर्सबाईंनी पाहिला, आणि ज्याने पाकीट फोडलं त्याने. पाकीट तुमच्या हातात दिलं होतं, साहेब."

दिरांचं तोंड उघडं राहिलं. कर अधिकारी नखं बघू लागला.

तिघांनी मान खाली घालून तरीही सह्या मागे घेतल्या. त्यांना घरं होती, पोरं होती. चौघे जागेवर जाऊन बसले.

घड्याळजी त्या चौघांतले. "माझ्या दोन्ही सह्या राहू द्या," ते म्हणाले. "दोन्हींची किंमत मोजलीय मी, रात्रीची झोप देऊन."

नऊ उरले. अर्ज टिकला. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"पाणी मागाहून," नर्सबाई म्हणाल्या. "ती नावं कर खात्याला कोणी दिली? कोणाच्या सांगण्यावरून? आम्ही बसलोय. उत्तर द्या."