देल्फिनाच्या सालातली बाटली

तो दारातून आत आला तेव्हा त्याच्या अंगावर माणूस कमी आणि धूळ जास्त होती.

रोक्कालूपा गावाच्या चढावर सायकलींची शर्यत आली की खानावळीचं दार सताड उघडं ठेवायचं, ही त्या काळची रीत होती. पांढऱ्या धुळीचा रस्ता द्राक्षमळ्यांतून वळणं घेत वर किल्ल्यापर्यंत जायचा, आणि जिथं सायकलवाल्यांचा दम संपायचा, नेमकी तिथंच सेकोंदोची खानावळ होती. प्रत्येक संघात एक पाणक्या असे. त्यानं सायकल भिंतीला टेकवायची, आत घुसायचं, हाताला लागतील त्या बाटल्या खिशांत कोंबायच्या आणि धावत सुटून आपल्या म्होरक्याला गाठायचं. कोणी रागवत नसे. उलट ज्याच्या काउंटरवरून जास्त बाटल्या जात, तो आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडे.

त्या दिवशी सगळा गाव रस्त्याच्या कडेला उभा होता. आत एकटी देल्फिना, सेकोंदोची एकुलती एक मुलगी. काउंटरवर लिंबू-सरबताच्या बाटल्या मांडलेल्या, आणि त्यांच्या शेजारी एक जुनी, काळपट बाटली. सकाळीच तळघरातून वर आणलेली. थंडगार काचेवर अजून दव होतं.

"माफ करा हं," तो खिसे भरता भरता धापा टाकत म्हणाला.

"घ्या, घ्या. पण ती नको! ती—"

तो वळला. धुळीच्या मुखवट्यातून दोन करडे डोळे तिच्याकडे बघून हसले. "हीच तर सगळ्यात गार आहे!"

आणि गेला.

"अहो चोर!" देल्फिना दारापर्यंत धावली, हाका मारल्या... पण जितकं मोठ्यानं ओरडता आलं असतं तितकं ती ओरडली नाही, हे तिचं तिलाच कळलं.

किल्ल्याच्या वळणावर म्होरक्यानं बाटली हातात घेतली, बूच पाहिलं, वास घेतला. पाणी मागितलं तर ही वाइन! त्यानं ती रागानं भिरकावली. पांढऱ्या रस्त्यावर लाल डाग पडला, तो पुढच्या पावसापर्यंत गेला नाही.

रोक्कालूपात मुलगी जन्मली की बाप त्या सालच्या वाइनची एक बाटली बाजूला काढून ठेवी. मुलीच्या साखरपुड्याला ती उघडायची, दोन्ही घरांनी मिळून प्यायची. देल्फिनाचा साखरपुडा येत्या रविवारी होता, आल्बा शहरातल्या वाइनच्या व्यापाऱ्याच्या मुलाशी, क्लेमेंतेशी. तो वाईट नव्हता. भांग नीट, मोटार नवी. फक्त द्राक्षांनी लगडलेला उतार समोर आला की त्याला त्यात भाव दिसायचा, आणि देल्फिना समोर आली की... तेव्हाही तो भावाचंच बोलायचा. सेकोंदोनं त्याच्या वडिलांना शब्द देऊन टाकला होता, आणि सेकोंदोचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

"बाटली नाही, तर साखरपुडा नाही," सेकोंदोनं व्याह्यांना कळवलं. "रीत ती रीत. तशीच दुसरी मिळाली की लगेच करू."

रविवारी दारात एक तरुण उभा राहिला. गोरा, नाकावर चट्टे, टोपी हातात. देल्फिनाला ओळखू आला नाही.

"मी... तो चोर."

"अगं बाई! अंघोळ केल्यावर चोर ओळखूच येत नाहीत."

तो हसला आणि मग तिला ते डोळे ओळखू आले. त्याचं नाव ओरेस्ते. "जिंकणं माझं काम नाही," तो म्हणाला, "जिंकणाऱ्याला पाणी पाजणं माझं काम. तेही धड जमलं नाही. काका, नुकसान भरून द्यायला आलोय."

सेकोंदोनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पैसे नकोत मला. माझ्या या टेकडीवरची, माझ्या मुलीच्या जन्मसालातली बाटली फुटली तुझ्यापायी. तशीच आणून दे."

कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाला जोराचा ठसका लागला. दुसऱ्यानं पत्त्यांआड तोंड लपवलं.

"आणतो," ओरेस्ते म्हणाला. "या टेकड्यांतलं एक तळघर सोडणार नाही!"

बाटली कशासाठी हवी, ते सेकोंदो बोलला नाही. देल्फिनाही बोलली नाही. सांगितलं तर तो शोधायचं सोडून देईल... आणि शोधायचं सोडलं तर यायचंही सोडेल.

मग दर रविवारी चढावरून ती सायकल दिसू लागली. कधी या किल्ल्याच्या तळघरातली बाटली, कधी त्या पाद्रीबुवांच्या कपाटातली. सेकोंदो प्रत्येक बाटली उजेडाकडे धरी, घोट घेई, जिभेवर घोळवी.

"ही पलीकडच्या उताराची. उन्हाची चव आहे हिला. माझ्या टेकडीला सकाळचं धुकं असतं."

"पण काका, साल तर तेच—"

"आई तीच म्हणून सगळी पोरं सारखी निघतात का? पुढच्या रविवारी बघ."

बापानं बाटली परत केली की देल्फिनाच्या छातीवरचं ओझं उतरे. ओरेस्तेचं तोंड पडलेलं पाहून तिला हसूही येई आणि वाईटही वाटे.

"तुम्हाला आनंद होतो ना, मी हरलो की?" एकदा त्यानं विचारलं.

"होतो," ती म्हणाली. "चोराला एवढ्या लवकर सुटका कशाला?"

एका रविवारी तिनं बापाची जड सायकल बाहेर काढली. "मलाही टेकडीच्या कण्यावरून फिरवून आणा. बघू तरी पाणक्या किती चालवतो."

वर वारा असा होता की हेझलची झाडं आडवी होत होती. देल्फिना पेडल मारून मारून थकली.

"माझ्या मागे या," तो ओरडला. "अगदी चाकाला चाक! घाबरू नका... अजून जवळ!"

ती त्याच्या पाठीमागे सरकली आणि एकदम वारा थांबला. जणू कोणी दार लावून घेतलं. समोर फक्त त्याची घामेजलेली पाठ, आणि दोन्ही बाजूंना पसरलेले मळे.

"हे काय केलंत?"

"काही नाही. वारा मी खातोय. हेच माझं खरं काम, पाणी नंतर."

"आणि तुमच्यापुढे कोण असतं?"

"माझ्यापुढे? ...वारा."

उतारावर सर आली. दोघं हेझलच्या झाडाखाली थांबले. तिच्या पापणीवर थेंब अडकला होता. त्यानं हात उचलला... आणि तसाच मागे घेऊन स्वतःच्या सायकलची घंटी पुसत बसला. घंटी आधीच लखलखीत होती.

"तू फार वेळ पुसतोस," ती म्हणाली. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा दोघंही लाल झाले होते.

पानं तांबडी व्हायला लागली तसा मळ्यात खुडणीचा हंगाम आला. ओरेस्तेनं कात्री हातात घेतली. पहिल्याच टोपलीत निम्मी पानं निघाली, तेव्हा बायका हसून हसून वेलींना धरून बसल्या. दुपारी मोठ्या मातीच्या भांड्यात लसूण आणि खारवलेले मासे तेलात रटरटू लागले. सगळे भोवती बसून भाज्या बुडवून खाऊ लागले.

"हे खाल्ल्यावर चार दिवस कोणी कोणाच्या जवळ जायचं नाही," देल्फिनाची आत्या म्हणाली.

"दोघांनीही खाल्लं असेल तर चालतं म्हणतात," ओरेस्ते भांड्यातच बघत म्हणाला.

देल्फिनानं मिरचीचा तुकडा भांड्यात खोल बुडवला आणि त्याच्याकडे बघत बघत खाल्ला. आत्याला अचानक पाणी आणायला आत जावंसं वाटलं.

पण त्याच आठवड्यात क्लेमेंतेच्या वडिलांचा निरोप आला : तळघरात नव्या वाइनची पिंपं लावून झाली की आम्ही येतो, तोवर बाटली मिळेलच. आणि पुढच्या रविवारी, धुक्यातून घंटी वाजली.

ओरेस्ते धावतच आला. छातीशी कापडात गुंडाळलेली बाटली. "मिळाली! देल्फिना, मिळाली! साल तुझंच, टेकडी तुमचीच, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तसं लिहिलंय! पलीकडच्या किल्ल्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं दिली. शर्यतीची जर्सी दिली मी त्याला, पण जाऊ दे... तू हसत का नाहीस?"

तिनं बाटलीकडे पाहिलं. धुकं इतकं दाट होतं की किल्ला दिसत नव्हता, मळे दिसत नव्हते. जगात ते दोघं आणि ती बाटली, एवढंच होतं.

"ही बाटली मिळाली की माझा साखरपुडा आहे," ती म्हणाली. "क्लेमेंतेशी. बाटली त्यासाठीच हवी होती."

"म्हणजे... उन्हाळाभर मी..."

"हो."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आला असतास?"

तो हळूच हसला. "आलो असतो. फक्त इतकं नीट शोधलं नसतं."

तिचे डोळे भरून आले. बाटली खाली टाकावी, दगडावर आपटावी, असं क्षणभर त्याच्या हातांना वाटलं. पण त्यानं ती कापडासकट तिच्या हातात ठेवली. "एकदा तुला न विचारता नेली होती. या वेळी तू म्हणशील तसं. उघडायची की फोडायची, ते तू ठरव."

देल्फिना आत गेली. खानावळीत सेकोंदो ग्लास पुसत होता, म्हातारे पत्ते पिसत होते. तिनं बाटली काउंटरवर ठेवली, तिथंच, जिथून ती एकदा गेली होती.

"बाबा, बाटली मिळाली. रीत पूर्ण झाली. पण क्लेमेंतेशी मी लग्न करणार नाही. माझा जीव..." तिनं दाराकडे बोट दाखवलं. "माझा जीव या पाणक्यावर आहे."

पत्ते पिसायचे थांबले. दारात ओरेस्ते टोपी पिळत उभा.

सेकोंदोनं चिठ्ठी वाचली. त्याच्या मिशा हलू लागल्या. मग खांदे. मग तो असा हसला की ग्लास किणकिणले.

"ही त्या पलीकडच्या किल्ल्याच्या कारभाऱ्यानं दिली ना? अरे वेड्या, तो जन्मभर खोट्या चिठ्ठ्या चिकटवत आलाय! देल्फिना जन्मली त्या साली माझ्या टेकडीवर गारा पडल्या. शेजाऱ्यांच्या मळ्यात पानही हललं नाही, आणि माझ्या उतारावर एक घड उरला नाही. त्या सालची माझी बाटली नाहीच. कधी नव्हतीच."

"मग ती फुटलेली?" देल्फिनानं विचारलं.

"ती? शेजाऱ्याची. घरात लेक आली आणि तळघर रिकामं. गावाला काय सांगणार होतो?"

"आम्हाला ठाऊक होतं की," कोपऱ्यातला म्हातारा म्हणाला. "उन्हाळाभर हसू दाबून दाबून माझी बरगडी दुखली."

"मग मला कशाला हिंडवलंत, काका?" ओरेस्तेला रडावं की हसावं कळेना.

सेकोंदो लेकीकडे वळला. आवाज खाली आला. "बाटली गेली त्या दिवशी तू रडशील असं वाटलं होतं. तू शेगडीपाशी गाणं गुणगुणत होतीस. शब्द तर मी देऊन बसलो होतो, बाई... म्हटलं, जरा वेळ मिळू दे पोरीला. आणि हा आयताच दारात आला, म्हटलं, बघू किती रविवार येतो ते." त्यानं रुमालानं नाक पुसलं. "उद्या आल्बाला जातो. शब्द मी दिला, मोडायलाही मीच जायला हवं. चार गोष्टी ऐकून घेईन."

कारभाऱ्याची बाटली त्यानं म्हाताऱ्यांच्या टेबलावर सरकवली आणि तळघरातून एक सुरई भरून आणली. नवी वाइन, अजून गढूळ, अजून फसफसणारी. नुकत्याच खुडलेल्या द्राक्षांची, ज्यात ओरेस्तेची निम्मी पानं होती.

"जुनी नाही," सेकोंदो म्हणाला, "पण ही मात्र माझ्या टेकडीची."

संध्याकाळी धुकं खाली दरीत बसलं आणि टेकडीचा कणा उन्हात मोकळा झाला. दोघं सायकली घेऊन वर गेले. वारा होताच. ओरेस्ते सवयीनं पुढे सरकला, तशी देल्फिनानं जोर मारून त्याला मागे टाकलं. स्कार्फ फडफडत, केस तोंडावर, ती पुढे वाकली.

"अगं, काय करतेस? वारा लागेल!"

"लागू दे! तू मागे ये, चाकाला चाक," ती मान वळवून हसली. "आज तुझ्यापुढे वारा नाही... मी आहे."