टपालाने आलेलं पदक

पारख्याचा एक नेम होता. कुठलीही वस्तू तीनदा तोलायची आणि तिन्ही आकडे वहीत लिहायचे. एकदाच तोलून बोलणारा माणूस थापा मारतो, असं तो म्हणायचा. टाकसाळीत धातू तपासण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि तीस वर्षांपासून तो घराच्या पुढच्या खोलीत जुनी लष्करी पदकं पारखत होता. मागच्या खोलीत थोरला भाऊ राहायचा. लग्नं दोघांचीही राहून गेली. दादा स्वयंपाक करायचा, पारखी त्याला नावं ठेवून दोनदा वाढून घ्यायचा, आणि दोघांचं बरं चाललं होतं. दादाशिवाय पारख्याला जगात दुसरं कोणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी एक पन्नाशीच्या शिक्षिका आल्या. त्यांनी रुमालातून एक राखाडी पदक काढलं. वडील युद्धावर गेले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. वडील परतले नाहीत, पदक आलं. आता इतक्या वर्षांनी आत्या म्हणत होती की वडील पळून गेले, आणि आईने अब्रू झाकायला हे कुठूनतरी पैदा केलं.

"विकायचं नाही मला," बाई म्हणाल्या. "खरं आहे का, तेवढं सांगा."

विषय आवडीचा निघाला की पारख्याला थांबवणं कठीण. युद्धाच्या शेवटच्या वर्षी तांब्याचा तुटवडा पडला, त्याने सांगितलं. तोवरची पदकं कांशाची, परतलेल्यांच्या छातीवर संचलनात लावलेली. उरलेली जस्ताच्या मिश्रधातूत ओतली, आणि ती टपालाने न परतलेल्यांच्या घरी गेली. जस्त दमट हवेत खराब होतं, कडा झडतात, म्हणून धड अशी फार थोडी उरली. संग्राहक कांशाच्या पदकाकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि या राखाडी पदकांवर मात्र जीव टाकतात. म्हणूनच लबाड लोक कांशावर राखाडी मुलामा चढवतात. डोळे फसतात, वजन फसत नाही.

त्याने तीनदा तोललं. तिन्ही वेळा एकोणीस पूर्णांक चार दशांश ग्रॅम.

"अस्सल जस्त," तो म्हणाला. बाईंनी रुमालाने डोळे टिपले. कडेवर कोरलेलं नाव तेवढं भिंगाखाली बघायचं राहिलं होतं. चार वाजता या, असं त्याने सांगितलं.

तुलनेसाठी त्याच्याकडे दादाचं पदक होतं. दादा त्याच युद्धातून परतला होता, पदक त्याने संचलनात स्वतः घेतलं होतं. कुठून आलं याबद्दल तिळमात्र शंका नाही असं ते एकच, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तेच होतं: कांसं, चोवीस पूर्णांक एक. घरचं आणि बाहेरचं कधी एका तबकात ठेवायचं नाही, हा पारख्याचाच नियम. पण कडेवरची अक्षरं ताडून बघायची होती, म्हणून त्याने दोन्ही शेजारी ठेवली. तेवढ्यात दादाने जेवायला हाक मारली.

जेवताना दादाने कोणाचं पदक म्हणून विचारलं. पारख्याने बाईंच्या वडिलांचं नाव सांगितलं. दादाचा हात ताटातच थांबला.

"पाणी आणायची पाळी माझी होती," तो म्हणाला. "मला ताप होता. माझ्याऐवजी तो गेला."

युद्धाबद्दल तो आजवर अवाक्षर बोलला नव्हता. हात गार पडलेत म्हणाला, दोन्ही ताटं घासून ओट्यावर उपडी घातली आणि आत जाऊन पडला.

पारखी टेबलाशी आला. अक्षरं बघण्याआधी सवयीने बाईंचं पदक पुन्हा तोललं. एकवीस.

त्याने तराजू पुसला, शून्यावर आणला. बावीस पूर्णांक सहा.

पदकाच्या कडेला तांबूस झाक येत होती. भिंगाखाली धातू स्वच्छ होता, मुलाम्याचा मागमूस नव्हता. मग त्याने दादाचं पदक ठेवलं. वीस पूर्णांक नऊ. पारख्याने बेरीज केली. त्रेचाळीस पूर्णांक पाच. सकाळचीही तेवढीच होती.

एक जेवढं भरत होतं, तेवढंच दुसरं उतरत होतं.

पारखी घाबरला. दादाचं पदक मुठीत घेऊन तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला. मुठीत ते थंड लागलं आणि हलकं होत गेलं. मूठ उघडली तेव्हा ते राखाडी होतं.

"दादा," त्याने हाक मारली.

तो मागच्या खोलीच्या दाराशी गेला. आत छतापर्यंत खोकी रचलेली होती. खोक्यांवर धूळ होती.

चारला घंटी वाजली. बाई घाईत होत्या. "झालं का बाबांचं पदक? खाली थांबलेत ते. जिना चढवत नाही आता."

"अस्सल कांसं," पारखी म्हणाला. "पण संग्राहक विचारणार नाहीत."

"नाही विचारलं तर राहिलं. बाबांनी स्वतःच्या हाताने घेतलंय." बाईंनी पदक रुमालात बांधलं. आत्या किंवा शंका, कशाचाच विषय निघाला नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, "तुम्ही एकटेच राहता?"

"हो. थोरला भाऊ होता. युद्धातून आला नाही. पदक तेवढं टपालाने आलं."

त्याने वहीचं पहिलं पान दाखवलं. जुन्या, फिकट झालेल्या शाईत त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: जस्त, एकोणीस पूर्णांक चार.

बाई गेल्या. पारखी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर दोन ताटं उपडी घातलेली होती, अजून ओली. दुसरं कोणाचं, ते त्याला काही केल्या आठवेना.