अबोलीच्या पुढे काहीही

सांगतो, पण तुझा विश्वास बसायचा नाही, पुतणीबाई! तू स्वतः ऑफिसात दिवसभर लोकांचं चॅट सांभाळतेस, तरी बसायचा नाही. माझं प्रेम एका चिन्हानं गिळलं.

तेव्हा मी चॅटवरच्या, घड्याळदुरुस्तीच्या गप्पांसाठीच्या ‘घड्याळ’ नावाच्या खोलीचा राखणदार होतो; दंगा करील त्याला बाहेर काढायचं काम माझं. बोटं इतकी चपळ, की कीबोर्डवर ओला रुमाल ठेवावा लागे, नाहीतर धूर यायचा. एका दुपारी खिडकीबाहेर भुरभुर चालली होती आणि खोलीत ‘अबोली’ आली.

“माझं घड्याळ मागे पडतंय.”

“कुणाची वाट बघतंय?”

“इश्श… दुरुस्ती सांगा, लाडीगोडी नको.”

“दुरुस्ती आत्ता सांगतो. लाडीगोडीसाठी रोज यावं लागेल.”

आणि ती रोज आली! नावाची अबोली, पण बोलायला लागली की माझा चहा गार. ना चेहरा पाहिलेला, ना आवाज ऐकलेला, ना खरं नाव ठाऊक… तरी ती कधी हसतेय, हे मला तिच्या टिंबांवरून कळायचं.

शेवटी धीर केला. “भेटशील?”

“थांब हं… सांगते…”

तेवढ्यात एक टवाळ घुसला. अबोली१, अबोली२, अबोलीखरी – तिचंच नाव लावून घाण लिहायला लागला. त्याच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून अडवावं, तर गडी दर वेळी नव्या पत्त्यावरून हजर. मग मी नावांचा साचाच केला, तुमचं ते रेग्युलर एक्स्प्रेशन : आधी ‘अबोली’, मग टिंब आणि ताऱ्याचं चिन्ह. म्हणजे पुढे काहीही असो, साच्यात बसला तो बाहेर. एका फटक्यात खोली साफ!

अगदीच साफ. त्या ताऱ्याच्या ‘काहीही’मध्ये ‘काहीच नाही’सुद्धा येतं गं. नुसती अबोलीही गेली.

साचा पुसला. हाका मारल्या. ती फिरकली नाही. तिला वाटलं असेल, विचारलंन् आणि उत्तराआधीच दाराबाहेर काढलंन्… पुढे घड्याळवालेही एकेक करून उठून गेले. मी अजून त्या खोलीत जाऊन बसतो. एकटाच.

पण मला दुःख नाही हं! बाहेर पडता पडता तिनं लिहिलं होतं – “हो, भेटू या.” ह्या डोळ्यांनी वाचलंय मी.

पुतणीनं हातातला फोन खाली ठेवला.

“काका… बाहेर काढलेल्याचं लिहिलेलं आत दिसतच नाही.”