पुंजाराम हजर आहे

सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या अकोल्याच्या कचेरीवरून दिवसभर सरकत असत. आगगाडी अजून अकोल्याला पोचायची होती. रुळांसाठी मातीचा भराव पडत होता, तोवर सगळा भार बैलांच्याच मानेवर. धुरळ्याबरोबर रुईचे तंतू उडत आणि ओसरीवर बसलेल्या कारकुनांच्या दौतीत पडत. खुशालराव ते टाकाच्या टोकाने बाजूला काढत आणि पुढचे नाव पुकारत.

त्या ओसरीवर शकुन रोज येऊन बसे. तिवश्याकडची कुणब्याची बाई, तिशीच्या आतली. तिचा नवरा पुंजाराम एका अडत्याच्या गाड्या हाकत अमरावतीहून निघाला होता आणि अकोल्याच्या अलीकडे वाटेतच पटकीच्या साथीत गेला. बरोबर नियाज नावाचा अकोल्याचा गाडीवान होता. त्याने तिवश्याला जाऊन तिला बातमी सांगितली आणि दाखला मागायला बाई एकटी कुठे फिरेल म्हणून तिला अकोल्याला आपल्या घरी आणून ठेवले. त्याची बायको अकीला तिला रोज सकाळी भाकरी बांधून देई.

"दाखला कशाला पाहिजे?" तहसीलदारांनी पहिल्या दिवशी विचारले होते.

शकुनने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. मग म्हणाली, "पाट लावाचा हाये, साहेब. गावातला गोवर्धन तयार हाये. पंच म्हनतात, नवरा मेला याचा सरकारी कागद आण."

ओसरीवर हसू पसरले. कोणीतरी म्हणाले, घाई दिसते. खुशालरावांनी मान खाली घातली. हसू लपवायला घातली, हे त्यांचे त्यांनाच कळले आणि कान तापले. पदर कपाळापर्यंत ओढून शकुन खांबाशी जाऊन बसली.

खुशालरावांनी शकुनची जबानी लिहून घेतली, मग नियाजची. "साहेब, त्याचं कोणी नव्हतं तिथं. म्या आपल्या हातानं लाकडं रचली, म्याच आग लावली. त्याच्या धर्मात काय म्हनतात ते मले येत नव्हतं. नुसता रामराम म्हनलो."

पण एका माणसाच्या सांगण्यावर दाखला देता येत नाही. जिथे मेला तिथल्या पाटलाने, पटवाऱ्याने लिहून द्यावे लागते. आणि पुंजाराम जिथे मेला ती जागा कुठल्याच गावात नव्हती. दोन गावांच्या शिवांमध्ये, नाल्याच्या काठी, गाड्यांचा मुक्काम पडता पडता तिथे झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. लोक तिला मधली वस्ती म्हणत. अलीकडचा पाटील म्हणे, ती पलीकडच्या गावाची. पलीकडचा म्हणे, नाल्याच्या या अंगाला आमची एक काडीही नाही. तहसीलदार कंटाळले. त्यांनी शकुनची जबानी खुशालरावांच्या हाती दिली आणि म्हणाले, "जाऊन चौकशी करा. जे मिळेल ते घेऊन या आणि हे प्रकरण मिटवा."

खुशालराव बैलांच्या दमणीतून वस्तीत पोचले तेव्हा दुपार टळत होती. काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या. नालबंदाचे छप्पर, गवताच्या पेंढ्या, मडक्यांची उतरंड, चुलींचा धूर, सगळे कुठल्याही मुक्कामासारखे होते. बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेली रुई अडकली होती. माणसे पुष्कळ होती, पण आवाज फार थोडा होता. तंबाखू मळणारे मळत होते, घमेले उचलणारी उचलत होती, पण कोणी कोणाला हाक मारत नव्हते. खुशालरावांना वाटले, उन्हाचा तडाखा आहे, कोण बोलणार.

गाडीवानांना भाकरी-पिठले विकणारी गोदाबाई नावाची म्हातारी पुढे आली. तिने त्यांना घोंगडी अंथरून दिली.

"इथला पाटील कोण?"

"कोणी नाई, बाप्पा."

"मग जन्ममृत्यूची नोंद कोण ठेवतं?"

"जन्माले इथं कोण येते? अन मराचं म्हनसान तर इथं कोणी मेलंच नाई."

"पटकी आली होती ना या रस्त्याने?"

"आलती." म्हातारीने तांब्यात पाणी ओतले. "आमच्यापाशी कागद नाई, बाप्पा. माणूस पाह्यजे असन तर सांगा."

खुशालरावांना वाटले, ती साक्षीदाराबद्दल बोलते आहे. त्यांनी पुंजारामचे नाव सांगितले. गोदाबाई म्हणाली, "कसा होता थो?"

त्यांनी जबानी उघडली. हातातली कामे टाकून लोक जवळ सरकले आणि गोल करून बसले. खुशालरावांनी वाचले: उंची मध्यम, अंगाने काटक, तोंडावर देवीचे व्रण, पुढचा एक दात तुटका, डाव्या कानाची पाळी बैलाच्या शिंगाने फाटलेली. एवढ्यावर थांबता आले असते. पण त्या लोकांसारखे ऐकणारे त्यांना कचेरीत कधी भेटले नव्हते. एकही पापणी हलत नव्हती. ते वाचत गेले. शकुनने अडखळत, जमिनीकडे बघत सांगितलेले सगळे वाचले. लग्नात तिला ताप होता तेव्हा त्याने काय केले ते, आणि ती रुसली की तो तिला "पाखरा" म्हणून हाक मारायचा तेही.

"पाखरा," मागून कोणीतरी हळूच म्हणाले.

"पाखरा," दुसऱ्याने म्हटले, किंचित वेगळ्या आवाजात. मग तिसऱ्याने. कोणी हसत नव्हते. गाणे बसवताना सूर लावून पाहावा तसे ते म्हणत होते.

खुशालरावांनी कागद मिटला. परक्या बाईचे घरातले बोलणे आपण भर वस्तीत वाचून दाखवले, याची त्यांना मनापासून लाज वाटली. "कोणाला ठाऊक असेल तर सांगा," ते तुटकपणे म्हणाले.

"पडा जरासे," गोदाबाई म्हणाली. "ऊन उतरू द्या."

बाभळीखाली त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या आणि समोर एक माणूस उकिडवा बसला होता. केस ओले, धोतर कोरे, घडीच्या रेघा तशाच. तोंडावर देवीचे व्रण. डाव्या कानाची पाळी फाटलेली.

"मी पुंजाराम," तो म्हणाला. बोलताना तुटका दात दिसला.

खुशालराव विचारी गृहस्थ होते. त्यांनी मनाशी हिशेब मांडला: माणूस मेला नव्हता, पटकीतून उठला, बायकोची आणि अडत्याची कटकट नको म्हणून इथेच लपून राहिला. नियाजने दुसऱ्याच कोणाला जाळले, किंवा तो खोटे बोलला. असे होते. त्यांना हायसे वाटले, थोडा रागही आला.

परतीच्या वाटेवर पुंजाराम दमणीत त्यांच्या समोर बसला होता. इतक्या उकाड्यात त्याच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "साहेब, मी हसत होतो काय?"

"कधी?"

"असाच. घरी."

"ते मला काय ठाऊक?"

"कागदात नाई?"

"नाही."

तो धोतराची घडी चाचपू लागला. ऊन लागले असेल, खुशालराव स्वतःशी म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरी भरली होती. बातमी पसरली होती. मेलेल्या नवऱ्याला बघायला बाजारातली माणसे ओसरीच्या पायऱ्यांवर चढली होती. शकुनला पुढे बोलावले. तिने पदर सावरून पुंजारामकडे पाहिले. आधी कानाकडे, मग तोंडाकडे, मग डोळ्यांकडे. डोळ्यांपाशी ती थांबली.

"हा नोहे," ती म्हणाली.

गर्दी कुजबुजली. तहसीलदार म्हणाले, "नीट बघ. पाट लावायचा म्हणून खोटं बोलू नकोस."

"साहेब, देवाशप्पथ. हा माहा नवरा नोहे."

तहसीलदार पुंजारामकडे वळले. "नवऱ्यालाच ठाऊक असेल अशी काही खूण सांग."

पुंजारामने विचार केला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, खोडसाळपणाही नव्हता. गावाचे नाव सांगावे तितक्या सहज, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितले, "हिच्या उजव्या मांडीवर आतल्या अंगानं भाजल्याचा डाग हाये. चिंचेच्या पानायेवढा."

पायऱ्यांवरची माणसे पुढे वाकली.

मग कोणीतरी खोकल्यासारखे हसले आणि हसू पायऱ्यांपर्यंत गेले.

जबानीत ते नव्हते. खुशालरावांनी स्वतःच्या हाताने ती लिहिली होती.

शकुनने पदराने सगळे तोंड झाकले. तिचे खांदे हलत होते. "आत नेऊन एखाद्या बाईला डाग बघायला लावू का?" तहसीलदारांनी विचारले.

"नका," पदराआडून आवाज आला. "हाच हाये."

"मोठ्यानं बोल."

"हाच हाये माहा नवरा. न्या मले इथून."

प्रकरण मिटले. तहसीलदारांनी खुशालरावांची पाठ थोपटली. खुशालराव टाक पुसत राहिले. त्यांना कोणाकडे बघवेना.

बाहेर नियाज बैल धरून उभा होता. पुंजारामला पायऱ्या उतरताना बघून त्याच्या हातातला कासरा गळून पडला. पुंजाराम त्याच्यापाशी थांबला, जुनी ओळख असावी तसा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नियाजभाई, लाकडं वली होती."

नियाज दोन पावले मागे सरकला. शकुन दहा हात मागे उभी होती. तिने ते ऐकले. तरी ती मान खाली घालून पुंजारामच्या मागे चालू लागली, कारण रस्त्यावरची सगळी माणसे तिच्याकडे बघत होती.

पुढच्या वेचणीच्या दिवसांत खुशालराव सरकारी कामासाठी अमरावतीला गेले होते. तिथून तिवश्याला जायचे काही कारण नव्हते. तरी ते गेले. मधल्या काळात नियाजने गाड्या हाकणे सोडले होते आणि तो बायकोला घेऊन अकोल्यातून कुठे निघून गेला ते कोणालाच ठाऊक नव्हते. गोवर्धनने दुसऱ्या गावची बायको केल्याचे त्यांना वाटेत कळले.

शकुन शेताच्या बांधावर बसली होती. कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी होती. खुशालरावांना पाहून ती उठली.

"बरं आहे ना?" त्यांनी विचारले. प्रश्न त्यांनाच ओशाळवाणा वाटला.

"बरं हाये. लय भला हाये थो. कामाले वाघ. दारू पेत नाई." ती बोंडाची सुकी पाने बोटांनी चुरत होती. "सांजच्याले माह्यापाशी येऊन बसते अन इचारते, पाखरा, मी मंग काय करत होतो? म्या सांगते. भजन म्हनत होते म्हनलं, त भजन म्हनाले लागला. हसत होते म्हनलं, त हसाले लागला. आता त अगदी त्याच्यासारखाच हसते."

"शकुनबाई, मी कचेरीत सांगतो. हा तो नव्हे, असं लिहून देतो."

"काय लिवसान?" तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिले. "तुमीच त आणला."

खुशालरावांना पायांखालच्या मातीखेरीज कुठे बघता आले नाही.

"एक गोठ म्या त्याले सांगतली नाई," ती खाली आवाजात म्हणाली. "तुमी तवा इचारली नाई, अन माह्या तोंडून निंगाली नाई. थो मेला तवा म्या रडलीच नाई, साहेब. लय मारत होता थो मले. माय म्हनाची, नवरा हाये. म्या मनात म्हनलं, हा नवा हाये, याले हे ठाऊक नाई. याले कोण सांगते?"

"मग नका सांगू. कधीच नका सांगू."

"म्या नाई सांगत." तिने ओटी आवळली. "पन त्याले कळते, काईतरी रायलं. रातच्याले झोपत नाई, आढ्याकडं पायते. आता माहा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ किसन, त्याच्यापाशी जाऊन बसते थो."

ती ओळीत शिरली आणि कापूस वेचू लागली. तिच्या हाताला वेग नव्हता. जणू सूर्य मावळायच्या आत घरी जावे लागू नये म्हणून ती काम वाढवत होती.

खुशालराव गावातून परत निघाले. चावडीशेजारच्या ओट्यावर दोघे भाऊ बसले होते. किसन तंबाखूचा बार भरून हसत हसत काही जुने सांगत होता. पुंजाराम पुढे वाकून ऐकत होता. त्याची पापणी हलत नव्हती.

किसनचे सांगणे संपले. पुंजारामने उजवा हात वर उचलला, थोडा थांबला आणि हवेत खाली आणला.

किसनने मान हलवली. त्याचे मनगट धरून कोपर जरा मागे ओढले.

पुंजारामने पुन्हा करून पाहिले. या वेळी किसनने मान डोलावली.

मग पुंजारामचे लक्ष रस्त्याकडे गेले. खुशालरावांना ओळखून तो उठला आणि तोच हात कपाळाला लावून अदबीने म्हणाला, "रामराम, साहेब."